हेक्सचे पुढचे शून्य जातात कुठे?

प्रश्न : रावेरला आमची केळीची बाग आहे, ड्रिपचे १६ व्हॉल्व्ह आहेत आणि त्यांचा कंट्रोलर दर मिनिटाला ०ए३एफ असं चार अक्षरी हेक्स (सोळाच्या पायातली संख्या) पाठवतो. त्यातून प्रत्येक व्हॉल्व्हचा एक आकडा काढायचाय, १ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद. पायथॉनमध्ये इंट करून (मजकुराची संख्या होते) त्यावर बिन (संख्येचे शून्य-एक करतं) लावलं, पण कधी १६ आकडे येतात, कधी १२च. पाचवा व्हॉल्व्ह चालू असताना स्क्रीनवर पहिला दिसतो आणि बाबा म्हणतात तुझं कॉम्प्युटर येडं झालंय. काय करू?

उत्तर : कॉम्प्युटर शहाणंच आहे भो, त्याला फक्त तुमचे व्हॉल्व्ह माहीत नाहीत. इंटला बेस १६ देऊन स्ट्रिंग दिली की तिची संख्या होते, इथे २६२३, आणि संख्येला पुढचे शून्य नसतातच, ००५ रुपये काय अन् ५ रुपये काय. मग बिन जेवढे लागतात तेवढेच आकडे काढतं आणि वरून पुढे ०बी चिकटवतं. हेक्सचं एक अक्षर म्हणजे कायम ४ बिट (शून्य-एकचे आकडे), म्हणून ०ए३एफ म्हणजे ०००० १०१० ००११ ११११. त्यातले पहिले चार शून्य गळाले की पाचवा व्हॉल्व्ह पहिल्याच्या जागी सरकतो, बाबांचा राग बरोबरच आहे.

उपाय एका ओळीचा. बिनऐवजी फॉरमॅट वापरा आणि त्याला ०१६बी सांगा, म्हणजे १६ आकडे पक्के, कमी पडले तर डावीकडे शून्य, आणि ते ०बी पण येत नाही. बरेच जण लेन (स्ट्रिंगची लांबी) काढून ४ ने गुणतात अन् बिनचं ०बी कापून तेवढ्या आकड्यांसाठी झेडफिल (डावीकडे शून्य भरतं) लावतात, तेही चालतं, पण कंट्रोलरकडून आलेल्या ओळीच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची न दिसणारी एक-दोन अक्षरं) असते, इंट ती गुपचूप गिळतं, लेन मात्र मोजतं, मग १६ चे २० नाहीतर २४ आकडे होतात आणि माणूस रात्रभर डोकं खाजवत बसतो (मी बसलोय, शेवभाजी थंड झाली पार). आधी स्ट्रिप करून ती काढून टाका. तुमचे व्हॉल्व्ह ठरलेले १६, मग लेनच्या भानगडीत पडताच कशाला.

बाइट्स डॉट फ्रॉमहेक्स सुचवणारे भेटतील, पण त्यातून कच्चे बाइट (८-८ बिटचे तुकडे) मिळतात, शून्य-एकची ओळ नाही, तुमचं काम त्याने होणार नाही.

आता मोजायचं कुठून? एकटा पहिला व्हॉल्व्ह चालू करून बघा. ८००० आलं तर डावीकडून, ०००१ आलं तर उजवीकडून, आणि ०१०० आलं तर दोन बाइट उलटे येताहेत, आधी त्यांची अदलाबदल करा, मग उजवीकडून मोजा.