जपानहून आणलेला १०० व्होल्टचा अँप्लिफायर इथं नुसती पिन बदलून चालेल का?

नाही चालणार. इथली २३० ची लाईट १०० वर उतरवणारा स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, मागच्या प्लेटवर लिहिलेल्या वॅटच्या दीडपट तरी व्हीएचा (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मर किती भार पेलतो त्याचं माप). ३०० वॅट असेल तर ५०० चा.

पण "नुसती पिन" वाचलं आणि मला राहवलं नाही, कारण २०११ ला आमच्या उदगीरच्या घरात दाजी हेच म्हणले होते. चुलतभाऊ ओसाकाला होता, त्यानं अण्णांसाठी अँप्लिफायर आणला, अण्णांना भजनाच्या कॅसेटचा लई नाद. मी सकाळच्या एसटीनं लातूरला स्टेप डाऊन आणायला गेलो, सांगून गेलो होतो की हात लावू नका, आणि इकडं दाजींनी पिन लावून थेट बोर्डात घातला. फ्यूज उडाला. तिथं थांबले असते तर बहुतेक सगळं वाचलं असतं हो, फ्यूजनं त्याचं काम केलं होतं! पण दाजींनी झाकण खोलून फ्यूजच्या जागी तांब्याची तार वळून बसवली अन् परत बटण दाबलं. मी संध्याकाळी आलो तर घरभर वार्निश जळल्याचा वास आणि अण्णा ओसरीत गप्प बसलेले.

दाजी आजही लग्नाकार्यात चारचौघांत सांगतात की लाईट जास्त आली म्हणून गेला. अहो, आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या १०० च्या वाइंडिंगला (तारेच्या गुंडाळीला) २३० दिलं की कोर सॅच्युरेट होतो, म्हणजे मधल्या लोखंडाची चुंबकत्व धरायची हद्द संपते, मग तो करंट बेसुमार ओढतो, लाईट बरोब्बर २३० असली तरी जळणारच. पुढं वाइंडिंगवाल्याकडून २३० चं प्रायमरी (लाईट घेणारं वाइंडिंग) भरून घेतलं, तेव्हा वाजला.

आणि हो, आधी मागं व्होल्टेज सिलेक्टर, म्हणजे १०० वरून २३० वर करायचं बटण, आहे का बघा, असला तर खर्चच नाही. दुकानात ११० वाला देतील, तो अमेरिकन मालासाठी, रात्री लाईट २५० झाली की तो १२० सोडतो, तुम्ही १०० चाच मागा आणि जोडायच्या आधी मीटर लावून बघा. हेअर ड्रायरसाठी मिळतो तो हलका कन्व्हर्टर अजिबात नको. टर्नटेबल (तबकडी वाजवायचं यंत्र) असेल तर वेगळं प्रकरण, ओसाकाकडं ६० हर्ट्झ, टोकियोकडं ५०, ६० ची सिंक्रोनस मोटर (लाईटच्या हर्ट्झवर वेग ठरणारी) इथं ५० वर हळू फिरते, मिनिटाला ३३ चे २८ फेरे होतात, ट्रान्सफॉर्मर ते बदलू शकत नाही.

फ्यूज उडाला तर त्याच रेटिंगचा टाका, परत उडाला तर बंद ठेवा. दाजींची ती तार मी डबीत जपून ठेवलीय, अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर कोळसा झाला पण तार जशीच्या तशी आहे, ज्याला लाईटचं कारण सांगायचंय त्यानं येऊन बघावी.