एव्हीएक्स-512 चालवताच क्लॉक का पडतो?

प्रोसेसर खराब झालेला नाही. तापमान 65 अंशांच्या आत असूनही एव्हीएक्स-512 (एका फटक्यात 512 बिट डेटावर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) चालवताच इंटेलच्या झिऑन गोल्ड 6148 या सर्व्हर प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे कामाचा ठोका, 3.1 वरून 2.2 गिगाहर्ट्झवर का येतो, असं तुम्ही विचारलंय. इंदूरला मी हेच आकडे ऐन मे महिन्यात पाहिले आणि आधी उन्हाळ्यालाच दोष दिला. पंखे साफ केले, थर्मल पेस्ट बदलली, एसी 20 वर ठेवला. आकडा हलला नाही, तेव्हा पटलं की गोष्ट उष्णतेची नाही.

या मर्यादा कारखान्यातूनच ठरून येतात. सगळे 20 कोर कामात असताना टर्बो, म्हणजे कमाल वाढीव क्लॉक, साध्या कोडला 3.1, जड एव्हीएक्स-2 ला (256 बिटांच्या सूचना) 2.6 आणि जड एव्हीएक्स-512 ला 2.2. जड म्हणजे मुख्यतः फ्लोटिंग पॉइंटचे (दशांश आकड्यांचे) गुणाकार-बेरजा. 512 बिटांची युनिटं एकदम जागी झाली की करंट उसळतो आणि व्होल्टेज दबतं. बोअरची मोटर सुरू होताच घरातला दिवा मंदावतो ना, तसंच. पण चिपमध्ये दिवा मंदावला तर उत्तरच चुकेल. म्हणून कोर आधी पॉवर कंट्रोल युनिटकडे (चिपमधला वीज सांभाळणारा भाग) परवानगी मागतो, ती मिळेपर्यंत या सूचना संथपणे सोडतो, आणि मग वाढीव व्होल्टेजवर, उतरलेल्या क्लॉकने पुढे जातो. जड काम संपलं तरी क्लॉक लगेच वर चढत नाही.

इथेच बरेच जण घाबरून एव्हीएक्स-512 बंद करतात. तसं करू नका. 2.6 वर 256 बिट आणि 2.2 वर 512 बिट, हिशोब मांडलात तर सेकंदाला सुमारे 1.7 पट काम होतं, मेमरीतून डेटा येण्याचा वेग आड आला नाही तर. तोटा होतो तो जड सूचना साध्या कामात चिमूटभर मिसळलेल्या असल्या की. वेबसाइटना सेवा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने 2017 मध्ये हेच दाखवलं होतं: एव्हीएक्स-512 वापरणाऱ्या एन्क्रिप्शनचा वाटा अगदी लहान, पण उतरलेल्या क्लॉकचा भार सगळ्या वेब सर्व्हरवर पडला.

तुमचं काम मॅट्रिक्सचं असेल तर आहे तसंच चालू द्या. मिश्र असेल तर जीसीसी कंपायलरला व्हेक्टरची रुंदी 256 बिट ठेवायला सांगून प्रोग्रामचा दुसरा बिल्ड करा. दोन्ही बिल्डना तोच डेटा द्या आणि क्लॉकऐवजी काम संपायला लागलेला एकूण वेळ मोजा. दोन्ही बिल्डना लागलेला वेळ इथे लिहिलात तर पुढचं बघू.