लोहाची ऑक्साइडं आणि मॉसबाऊअर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नांदेड): फेरिक आणि फेरस क्लोराइड २:१ घेऊन अमोनियाने काळी भुकटी पाडली. एक्सआरडीवरून (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहून) ती मॅग्नेटाइट की मॅगहेमाइट ते कळत नाही.

उत्तर: कळणार नाहीच. दोघांच्या स्फटिकाची जाळी ८.४० आणि ८.३५ अँगस्ट्रॉमची, बारीक कणांत शिखरं पसरली की एवढा फरक बुजतो. मॉसबाऊअरमध्ये (लोहाची अणुकेंद्रं गॅमा किरण कसे शोषतात ते पाहणारी चाचणी) मॅग्नेटाइट सहा रेषांचे दोन संच देतं, ४९ आणि ४६ टेस्लाचे (टेस्ला म्हणजे अणुकेंद्रापाशी असलेल्या चुंबकीय क्षेत्राचं एकक). दुसऱ्याचं क्षेत्रफळ पहिल्याच्या जवळपास दुप्पट. मॅगहेमाइट ५० टेस्लाजवळ. ४६चा संच दुबळा दिसला, तर भुकटीने हवा खाल्ली, म्हणजे ऑक्सिडीकरणाने तिचं मॅगहेमाइट होऊ लागलं. गरम ओव्हनमध्ये वाळवली होती का? रंग तपकिरीकडे झुकला असेल तर तेच कारण.

प्रश्न (लातूर): बोअरच्या पाइपातल्या तांबूस गाळाच्या मॉसबाऊअर आलेखात दोनच रेषा आल्या. म्हणजे गोएथाइट, हेमाटाइट ही लोहखनिजं त्यात नाहीत?

उत्तर: असं लगेच म्हणू नका. कण दहाएक नॅनोमीटरचे असले की त्यांचं चुंबकत्व मोजणीच्या कालावधीपेक्षा झपाट्याने उलटसुलट होतं आणि सहाच्या दोनच रेषा उरतात. लेपिडोक्रोसाइट आणि फेरीहायड्राइट ही गंजाची इतर रूपं तर खोलीच्या तापमानाला दोनच देतात. नमुना आधी द्रवरूप नायट्रोजनने ७७ केल्विनला न्या. जमलं तर ४.२ला. ४.२ केल्विनला गोएथाइट ५०.६ टेस्ला, हेमाटाइट ५३-५४, लेपिडोक्रोसाइट ४६च्या आसपास. फेरीहायड्राइट ४६ ते ५०मध्ये पसरतं, म्हणून जोडीला एक्सआरडी ठेवाच.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): फेरीहायड्राइटचं गोएथाइट होताना पाहता येईल?

उत्तर: थेट नाही. एका आलेखाला कित्येक तास लागतात, कधी दिवसही; तोवर बीकरमधला माल बदललेला असतो. म्हणून ०, १, ४, २४ तासांनी थोडा थोडा गाळ काढा, सेंट्रिफ्यूज करून धुवा आणि लगेच गोठवून वाळवा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: गाळ ओलसर असतानाच ११० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात, आणि रूपांतर तिथे पुढे सरकतं.

मोजायच्या नमुन्याच्या चकतीवर चौरस सेंटिमीटरला ८ मिलिग्रॅम लोह पुरे. २ सेंमी व्यासाला ते २५ मिलिग्रॅम, म्हणजे गोएथाइट ४०. पिठीसाखरेत मिसळून सारखं पसरा, हलक्या हाताने. जाड थर दिला तर बाहेरच्या रेषा दबतात, रेषांच्या क्षेत्रफळांचं ३:२:१चं प्रमाण बिघडतं आणि टक्केवारी खोटी येते.

गॅमा किरणांचा स्रोत पुढे-मागे हलतो, त्याचा वेग ±१२ मिमी/सेकंद ठेवा. ±४वर सहा रेषांच्या संचातल्या कडेच्या रेषा आलेखाबाहेरच राहतात. वेगाच्या मापाची जुळणी अल्फा-लोहाच्या पत्र्याने, त्याचं क्षेत्र ३३ टेस्ला. स्रोतातल्या कोबाल्ट-५७चा अर्धायुष्यकाल २७२ दिवस. स्रोत तेवढा जुना असेल तर मोजणीला दुप्पट वेळ धरा.