पहिल्यांदाच ज्युरीला चाललीयस म्हणून

अगं, तुझा मेसेज वाचला. शनिवारी आर्किटेक्चरच्या थर्ड इयरची ज्युरी, म्हणजे पोरं डिझाईन मांडणार आणि तू त्यावर बोलणार, विषय विडी कामगारांची वसाहत, आणि तुला टेन्शन आलंय की पोरांना सांगायचं तरी काय. येऊ दे टेन्शन. ज्यांना ते कधीच येत नाही त्यांची मला जास्त भीती वाटते, ड्रॉइंगची शीट बघायच्या आधीच त्यांचं भाषण तयार असतं आणि निम्मं भाषण शेजारच्या ज्युररला ऐकवायला असतं.

पोराला आधी बोलू दे, पण कॉन्सेप्टमध्ये अडकू नकोस. कॉन्सेप्ट सगळ्यांचे भारीच असतात, कुणी मागाचे ताणेबाणे आणतो, कुणी सिद्धेश्वर तलाव, ते ऐकायचं, हो म्हणायचं आणि सेक्शन मागायचा, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणारं ड्रॉइंग. सेक्शन नसेल तर प्लॅन घेऊन बस.

आता विषय विडीचा आहे तर तिथूनच सुरुवात कर. सोलापूरच्या पूर्व भागात तू एवढी फिरलीयस, बघितलंच असशील, बाई पानं भिजवते, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापते, मग सूप मांडीवर घेऊन उजेडासाठी दाराशी बसते ती तासन् तास तिथंच. आणि पोरांच्या प्लॅनमध्ये काय असतं? सोफा, चार खुर्च्यांचं डायनिंग, डबल बेड, कारण ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, कॅडच्या लायब्ररीत, तेच तयार ब्लॉक मिळतात. इथं "तू युजर समजूनच घेतला नाहीस" असं म्हणालीस तर पोरगं मान खाली घालेल आणि विषय संपेल. त्यापेक्षा पेन्सिल हातात दे आणि म्हण, बाई सूप घेऊन कुठं बसते ते दाखव. ते शोधत बसेल, हॉलमध्ये बघेल, बाल्कनीत बघेल, शेवटी बोट दाराजवळच्या पॅसेजवर ठेवेल, आणि तो पॅसेज असेल ९०० मिलीमीटरचा. मग विचार, हाच १५०० केला तर काय काय हलतं? भिजवलेल्या पानांचं पाणी कुठं जाईल? तंबाखूची धूळ ज्या खोलीत उडते तिथंच लेकरं झोपतात का? एवढ्या तीन प्रश्नांवर त्याचा आठवडा जातो, आणि जे बदलेल ते त्यानंच बदललेलं असेल, तुझं डिझाईन त्याच्या शीटवर यायचं नाही. ज्युरर लोकांची ही एक खोड असतेच, "मी असतो तर असं केलं असतं." तुला कुणी विचारलंय?

रेखाटून दाखवायची वेळ आलीच तर शीटवर पारदर्शक बटर पेपर ठेवून त्यावर दाखव. पोरानं रात्र रात्र जागून केलेल्या शीटवर लाल पेन चालवू नये, एवढं साधं आहे ते.

उन्हाचं मात्र सोडू नकोस, सोलापुरात ते सोडून चालत नाही. दर वर्षी दोन-चार प्रोजेक्टमध्ये मधोमध मोठा फरसबंद चौक असतो आणि रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चित्रात, त्यात बायका हसत बसलेल्या. मे महिन्यात दुपारी तीन वाजता इथं कोण बसेल, एवढंच विचार. पश्चिमेच्या खिडकीवर नुसता छज्जा असेल तर संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच्या खालून सरळ आत येतं, हे सेक्शनवर एक रेघ ओढली की त्यालाच दिसतं. आणि "उत्तरेला ऊन येत नाही सर" हे पाठांतर तर हमखास. आपण १७.७ अक्षांशाच्या आसपास आहोत, मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडेच असतो. सूर्याचा वर्षभराचा मार्ग दाखवणारा सनपाथ डायग्राम शीटवर चिकटवलेला असतो, वाचलेला नसतो.

"छान आहे, अजून वर्कआउट कर" हे वाक्य तोंडातून काढू नकोस, त्यातून पोराला काही मिळत नाही. कौतुक पण नेमकं कर, जिना दोन घरांच्या मध्ये घेतलास त्यामुळं दोन्ही घरांना तीन बाजूंनी हवा मिळाली, असं. म्हणजे बाकी बदलताना ते तेवढं तरी ठेवतं. नाहीतर घाबरून चांगलं होतं ते पण खोडून येतात, हे लई होतं बघ.

मुद्दे दोन, फार तर तीन. ते चिठ्ठीवर लिहून हातात दे, कारण तिथून बाहेर पडल्यावर त्यांना फक्त तुझा चेहरा आठवतो. बेसिकच हुकलं असेल, टॉयलेटचा पाईप खालच्या घराच्या किचनवरून जातोय वगैरे, तर ते गोड करू नकोस, सरळ सांग.

आणि सगळ्या वर्गालाच एक काम लाव. सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन या म्हणावं. २००६ मध्ये विडी कामगार बायकांना तिथं १०,००० घरं मिळाली, तिथल्याच रे नगर या असंघटित कामगारांच्या वसाहतीतली पहिली १५,००० जानेवारी २०२४ मध्ये. जुन्या वस्तीत लोकांनी काय वाढवलंय, कुठं पत्रा टाकलाय, कुठं भिंत पाडलीय, तेवढं मोजून आणा. माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षा त्या पत्र्यांचा फीडबॅक जास्त खरा आहे.

जेवणानंतरच्या पोरांना सकाळच्या पोरांइतकाच वेळ दे बरं का, तेव्हा सगळे ज्युरर पेंगतात. मार्कांचं टेन्शन घेऊ नकोस, ते काय होतं ते फोनवर बोलू.