सहा वर्षांच्या मुलीला डाव्या डोळ्याला +२, उजव्याला +५ नंबर. उजवा डोळा आळशी (मेंदू तो कमी वापरतो, म्हणून नजर कमी). नुसत्या चष्म्याने सुधारेल का?

बऱ्याचदा सुधारतो, पण चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत हवा. नंबर बाहुली मोठी करणारे थेंब टाकून काढलाय ना, हे आधी विचारा; थेंबांशिवाय मुलं डोळ्याला ताण देऊन बघतात, प्लस नंबर लपतो आणि चष्मा कमी नंबरचा बनतो. सुरुवातीचे काही आठवडे ती ‘धूसर दिसतं’ म्हणेल. ताण सुटायला वेळ लागतो, म्हणून चष्मा काढू नका. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात घामाने चष्मा घसरतो आणि पोरं काचेवरून बघतात, तेव्हा मागून इलॅस्टिकचा पट्टा लावाच. दर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी. सुधारणा थांबली, साधारण १६-१८ आठवड्यांनी, की मग चांगल्या म्हणजे डाव्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशी डोळा वापरावा लागतो, बहुधा रोज २ तासांपासून. पट्टी लावतानाही चष्मा हवाच.