सत्तर हजार युरो म्हणजे सत्तर लाख नव्हेत

वाकडचे एक वाचक विचारतात : त्यांचं पॅकेज ३२ लाख, पत्नीचं १४, मुलगी सहा वर्षांची. फ्लॅटचा ५८ हजारांचा हप्ता जाऊन महिन्याला लाखभर शिल्लक पडते. आता म्युनिकमधून ७० हजार युरोंची ऑफर आली आहे. 'युरो शंभर धरला तर ७० लाख. जावं ना?'

शंभराने गुणणं आधी थांबवा, कारण तिथलं भाडं रुपयांत भरायचं नाही. एकट्याच्या पगारावर, तिसऱ्या करवर्गात (नवरा-बायकोत एकच कमावत असेल तर तिथे हा कमी करकपातीचा वर्ग घेता येतो), कर-विमा-पेन्शन कापून हातात महिना ४,००० युरोंच्या आसपास येतील. वर मुलीचा बालभत्ता अडीचशे. दोन बेडरूमचं घर हीटिंगसकट १,९०० धरा. (डिपॉझिट तीन महिन्यांचं, आणि आधीचा भाडेकरू कधी कधी ओट्यासकट अख्खं किचन उचलून नेतो!) किराणा, वीज, ट्रेन, टीव्ही-रेडिओची सक्तीची १८.३६ युरो वर्गणी, वर्षाची भारतफेरी मिळून आणखी १,५००. उरले ८५०. त्यातूनच वाकडचा हप्ता. फ्लॅट भाड्याने द्याल, पण मालक अनिवासी झाला की भाडेकरूला भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापावा लागतो. ही कटकट ऐकून निम्मे भाडेकरू पळतात.

म्हणजे शिल्लक आजच्यापेक्षा कमीच. तरी मी 'नको' म्हणणार नाही. सरकारी शाळेला फी नाही, पत्नी कमावत नसेल तर ती आणि मुलगी तुमच्याच सरकारी आरोग्य विम्यात जादा हप्त्याशिवाय येतात, आणि पहिलीतली पोरं दप्तर पाठीला लावून चालत शाळेत जातात. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास घालवणाऱ्याला याची किंमत मी सांगायला नको.

माझा जीव अडकतो तो पत्नीच्या १४ लाखांत. तुमच्या पत्रात त्यांच्यावर एकच ओळ आहे. तुम्हाला ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा युरोपीय परवाना) मिळालं तर त्यांना काम करायला वेगळी परवानगी लागत नाही, पण जर्मन येत नसेल तर नोकरीची दारं फार थोडी. त्यांनी आत्ताच क्लास लावावा, जमल्यास बिनपगारी रजा घ्यावी, राजीनामा देऊ नये. तुम्ही आधी एकटे जा, सहा महिन्यांनी दोघींना न्या. त्यांना हे पटत नसेल, तर ऑफर सोडा.

जाणार असाल तर इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्या. पीपीएफ मुदतीपर्यंत चालेल, पुढे वाढवता येणार नाही.