वाचकांचे प्रश्न : निबंधात आपले स्वतःचे काय असावे?

शाळा-महाविद्यालयांतील निबंधलेखनाविषयी नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी अकरावीत शिकते. ‘सातवाहन काळ’ या विषयावरील निबंधात मी वंशावळ, सनावळ्या आणि राज्यविस्तार हे सारे पुस्तकांतून नीट उतरवले होते. बाईंनी शेरा दिला, ‘माहिती बरोबर आहे, पण यात तुझे काय?’ इतिहासात माझे असे काय असू शकते?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : बाईंनी तुझे मत मागितलेले नाही, तुझा प्रश्न मागितला आहे, असे मला वाटते. सातवाहनांवर निबंध लिहिणाऱ्या इतर कोणत्याही गावच्या मुलीपेक्षा तुझी स्थिती चांगली आहे, कारण या काळाचा अस्सल पुरावा तुझ्या घरापासून काही किलोमीटरवर, त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेण्यांत, दगडावर कोरलेला आहे. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी, म्हणजे नातू गादीवर असताना, या आजीने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे गुणगान तेथे कोरविले आणि त्याने क्षहरात या शत्रुवंशाचा निःशेष उच्छेद केला, असे त्यात म्हटले. हे वाक्य जवळपास प्रत्येक पुस्तकात सापडते आणि तूही ते उतरवले असशील. आता स्वतःला विचारून पाहा : आईने मुलाची केलेली ही स्तुती इतिहास म्हणून आपण का स्वीकारावी?

या प्रश्नाचे उत्तर लेण्यांत नाही, ते सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे आहे. १९०६ मध्ये तेथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक असलेली ही नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याची होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. शत्रूच्या नाण्यावर आपला ठसा उमटवून तेच नाणे चालविणे, हे त्या प्रदेशावरील सत्ता हाती आल्याशिवाय शक्य नाही. अर्थात ‘निःशेष’ हा शब्द यामुळे शब्दशः सिद्ध होत नाही. सिद्ध होतो तो विजय. स्तुती कोठे संपते आणि पुरावा कोठे सुरू होतो ही सीमारेषा तुझ्या शब्दांत आखलीस, की तो परिच्छेद सर्वस्वी तुझा झाला.

राजकीय इतिहासात मन रमत नसेल, तर दहाव्या लेण्यापाशी थांब. नहपानाचा जावई उषवदात याने ४२ व्या वर्षाच्या लेखात भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलाला कधीही हात न लावता केवळ व्याज वापरण्याची कायम ठेव, नोंदविली आहे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागीर-संघांकडे, ठेवली होती : २,००० दरमहा शेकडा एक या दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी (वस्त्रासाठी) मिळावेत, असे लेख सांगतो. हा हिशेब तू स्वतः मांडून पाहा. वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस गुणिले बारा हेही २४०च. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा हा ताळेबंद आजही जुळतो, हे पाहून मला दर वेळी भरून येते. त्याहून महत्त्वाचे हे की, क्षत्रपाच्या जावयाने एवढी रक्कम विणकरांच्या हाती निर्धास्तपणे सोपविली. त्या काळच्या कारागिरांच्या श्रेणींची पत किती असेल, याचा विचार करण्यास येथे भरपूर जागा आहे. मात्र लेणे प्रत्यक्ष पाहून ये; ती पायऱ्यांची चढण तुझ्या निबंधाच्या कामाचाच भाग आहे.

प्रश्न : माझ्या मुलाला विज्ञानाच्या निबंधासाठी ‘सिंहस्थ आणि गुरू ग्रह’ हा विषय घ्यायचा आहे. असा विषय विज्ञानात बसतो का? यात श्रद्धा आणि विज्ञान यांची सरमिसळ होईल, अशी मला भीती वाटते.
— एक पालक, सातपूर

उत्तर : तुमची भीती रास्त आहे, पण विषय उत्तम आहे आणि तो मुलाला जरूर घेऊ द्या. सरमिसळ टाळण्याचा मार्ग असा की, निबंधाने केवळ कालगणनेचा प्रश्न हाती घ्यावा : गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो, तर तो बरोबर बारा वर्षांनीच येतो का? गुरूला सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास सुमारे ११.८६ वर्षे लागतात. म्हणजे दर फेरीला बारा वर्षांपेक्षा पावणेदोन महिन्यांच्या आसपास अवधी कमी पडतो. अशा सात फेऱ्या ८३ वर्षांत पुऱ्या होतात, ८४ नव्हे. साहजिकच केव्हातरी एक अंतर अकरा वर्षांचे करावे लागते. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२१ मध्ये भरला, तो याच कारणाने. नाशिकचे अलीकडचे दोन सिंहस्थ २००३ आणि २०१५ चे, म्हणून बाराचा आकडा आपल्या मनात पक्का बसलेला आहे. मुलाने याला स्वतःच्या निरीक्षणाची जोड द्यावी. गच्चीवरून दर पंधरवड्याला गुरूचे जवळच्या ठळक ताऱ्यापासूनचे अंतर वहीत रेखाटले, तर काही महिन्यांत ग्रहाची पुढची चाल आणि मधूनच येणारी वक्री, म्हणजे उलट दिशेची भासणारी, गती त्याला स्वतः दिसेल. स्नानाचे पुण्य हा या निबंधाचा विषय नाही. त्याचे समर्थनही करू नये आणि खंडनही करू नये.

प्रश्न : आमच्या विद्यार्थ्यांनी सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयास भेट देऊन निबंध लिहिले. ‘झिओलाइट’, ‘बेसाल्ट’ असे शब्द तसेच ठेवावेत, की मराठी प्रतिशब्द शोधावेत?
— एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : तसेच ठेवावेत, मात्र प्रत्येक शब्द प्रथम येईल तेथे विद्यार्थ्याने स्वतःच्या मराठीत एक पूर्ण वाक्य लिहून तो उलगडावा. उदाहरणार्थ, ‘लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यातील द्रव्यांपासून त्या पोकळ्यांत जे स्फटिक वाढले, त्यांपैकी एका गटाला झिओलाइट म्हणतात.’ ज्याला हे वाक्य पुस्तक न पाहता लिहिता येत नाही, त्याला संग्रहालयातील तो दगड पुन्हा एकदा दाखवावा.